उरलेल्या लोकरीची फुलं: झेंडू, गुलाब आणि सदाफुली दोन सुयांवर

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जिन्यावरून घसरलो आणि उजव्या पायाचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. टीव्ही बघून डोळे दुखायला लागले, पुस्तकात मन लागेना. सासूबाई तेव्हा आमच्याकडे नाशिकला, इंदिरानगरात राहायला आल्या होत्या. त्यांच्या पायाशी कायम एक कापडी पिशवी असते आणि तिच्यात गेल्या तीस वर्षांतल्या सगळ्या स्वेटरांची उरलेली लोकर. चौथ्या दिवशी त्यांनी दोन सुया माझ्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाल्या, "जावईबापू, पाय मोडलाय. हात शाबूत आहेत ना? मग घ्या."

आता पाय बरा आहे, पण सुया काही सुटल्या नाहीत. मला स्वेटर येत नाही, मोजेही येत नाहीत. फुलं मात्र येतात. शिकताना जे घोळ घातले ते तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे. सुया कधी हातात धरलेल्याच नसतील तरी चालेल. फक्त आधी सुलट आणि उलट हे दोन टाके कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या. ते वाचून येत नाहीत. घरात, शेजारी, सोसायटीत विणणारी एखादी मावशी असतेच. तिला चहाला बोलवा.

१. आधी पिशवी रिकामी करा

नवशिका आधी फूल ठरवतो आणि मग त्याच्यासाठी लोकर शोधतो. उरलेल्या लोकरीच्या बाबतीत हे उलटं करायचं असतं. लोकर किती आहे, कसली आहे, किती जाड आहे, यावरून फूल ठरतं. मी पहिल्या गुलाबाला लाल लोकर घेतली आणि तीन चतुर्थांश फूल झाल्यावर ती संपली. तसला लाल पुन्हा कुठे मिळाला नाही. तो पाऊण गुलाब अजून पिशवीत आहे.

सगळी लोकर चादरीवर ओता. गाठी कापत बसू नका, गुंता सोडवा. मग तीन गोष्टी बघा.

लांबी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर वजन करा. नसेल तर आपला जुना हिशेब आहेच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर. मध्यम जाडीच्या लोकरीत झेंडूला ११-१२ हात लागतात, गुलाबाला साधारण २० हात, सदाफुलीच्या एका पाकळीला तीन हात, पानाला तीन ते चार. वजनात सांगायचं तर झेंडू दोन-अडीच ग्रॅम आणि गुलाब साडेतीन ते चार ग्रॅम. दोन हातांपेक्षा लहान तुकडे टाकून देऊ नका, ते फुलाच्या मधल्या गाठींना लागतात.

जाडी. लोकर पट्टीभोवती शेजारीशेजारी गुंडाळा, ताणू नका, एकावर एक चढवू नका. अडीच सेंटीमीटरमध्ये ११-१२ वेढे बसले तर ती मध्यम, म्हणजे इथे दिलेल्या मापांची. १४-१५ बसले तर बारीक, तिच्यात फूल लहान होईल. नऊच बसले तर जाड. वेष्टनावरच्या 'चार पदरी'वर विसंबू नका. चार बारीक पदर पिळले तरी चार पदरीच आणि चार जाड पिळले तरी चार पदरीच. एका फुलात जाड आणि बारीक लोकर मिसळली तर फूल एका बाजूला कलतं.

जात. वेष्टन नसलेली लोकर खरी की ॲक्रेलिक, हे हाताला पटकन कळत नाही. बोटभर तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर, खाली स्टीलची ताटली ठेवून, काडीपेटीनं पेटवा. ॲक्रेलिक भुरकन पेटतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटांत चुरडली जाते. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून हे काम मुलांना देऊ नका. एवढा खटाटोप कशासाठी, तर पुढे इस्त्री, धुणं आणि कसर या तिन्हीचा निकाल यावर लागतो.

लाल, मरून, गडद निळी लोकर असेल तर तिचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर ती लोकर पांढऱ्या सदाफुलीजवळ नेऊ नका.

जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर कुरळी असते. विणायला ती जरा कटकटीची, कारण टाके एकसारखे येत नाहीत. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगा आणि खाली एखादं हलकं वजन लावा. ॲक्रेलिक तरीही पूर्ण सरळ होत नाही. पण झेंडूला ही कुरळी लोकरच उत्तम, त्यामुळे तेवढ्यापुरती सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

आणखी एक. पिशवीत हिरवा रंग नसतो. आमच्या पिशवीत मरून, नेव्ही, राखाडी, बाळंतविड्याचा गुलाबी आणि पिवळा ढीगभर होता. हिरवं मात्र काहीही नाही, कारण हिरवे स्वेटर घालतो कोण? तेव्हा हिरव्या लोकरीचा एक गुंडा विकत घ्यावाच लागेल. पोपटी घेऊ नका, प्लास्टिकच्या फुलासारखा दिसतो. शेवाळी किंवा मेंदीचा रंग घ्या.

२. बाकीचं साहित्य

- १० नंबरच्या सुयांची एक जोडी
- बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई (स्वेटर जोडायला वापरतात ती)
- कात्री, पट्टी, चार-पाच सेफ्टी पिना
- देठासाठी खराट्याच्या काड्या
- फेविकॉल, अगदी थोडं
- वही आणि पेन्सिल

वहीला हसू नका. कितवी ओळ झाली हे आठवत नाही, आणि दारावरची घंटा नेमकी मोजतानाच वाजते.

सुया आणि लोकर मेन रोड, रविवार कारंजा भागातल्या शिवणाच्या साहित्याच्या दुकानांत विचारा. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की माल जास्त असतो, उन्हाळ्यात रंग मिळत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, "वहिनींनी नंबर लिहून दिलाय का?" मला स्वतःलाच विणायचंय म्हटल्यावर त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग गल्ल्यावरून उठून स्वतः सुया काढून दिल्या. पुरुष वाचकांनी बिनधास्त जावं. खराटा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणा, पण नवा घ्या. अंगण झाडलेला नको.

३. नंबरचा घोळ

इथेच माझा एक आठवडा वाया गेला. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, १२ नंबर म्हणजे २.७५. अमेरिकन नंबर याच्या उलट चालतात. तिथे आकडा वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी "आठ नंबर"च्या सुया आणल्या आणि माझं फूल त्या बाईंच्या फुलाच्या निम्मं का होतं याचा विचार करत बसलो. म्हणून व्हिडिओ बघाल तेव्हा मिलिमीटर विचारा, नंबर नाही.

स्वेटरला जी सुई वापराल तिच्यापेक्षा फुलाला दोन नंबर बारीक घ्या. मध्यम लोकरीचा स्वेटर ८ नंबरवर विणतात, फूल १० नंबरवर. वीण घट्ट आली तरच पाकळी उभी राहते. सैल विणलेला गुलाब दुसऱ्या दिवशी माना टाकतो, खऱ्यासारखा.

दुसरा घोळ शब्दाचा. विणणाऱ्या बायका ओळीला 'सुई' म्हणतात. "एक सुई सुलट, एक सुई उलट" याचा अर्थ एक अख्खी ओळ सुलट, पुढची अख्खी ओळ उलट. सासूबाई "तिसरी सुई सुलट घ्या" म्हणाल्या तेव्हा मी तिसरी सुई शोधायला उठलो होतो, प्लास्टरसकट. या लेखातही सुई म्हणजे ओळच. टोचायची ती 'शिवायची सुई'.

४. एवढं हाताला यायला हवं

टाके घालणं, सुलट, उलट आणि टाके बंद करणं हे शिकवणारीकडून शिकालच. फुलांना आणखी तीन गोष्टी लागतात.

एकाचे दोन: टाका सुलट विणा, पण डाव्या सुईवरून सोडू नका. त्याच टाक्यात मागच्या बाजूनं सुई घालून पुन्हा एकदा विणा आणि मग सोडा.

दोनाचा एक: दोन टाक्यांत एकदम सुई घालून एकच टाका विणा.

जाळी: दोन टाक्यांच्या मध्ये लोकर पुढे घेऊन उजव्या सुईवरून एक वेढा द्या आणि पुढचा टाका विणा. एक टाका वाढतो आणि खाली भोक राहतं.

२० टाक्यांच्या पट्टीवर एक संध्याकाळ हे घोटा. पट्टी वाकडी आली तर येऊ द्या, ती उसवायचीच आहे.

आणि शेपूट. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी लोकर सोडताना ती लांब सोडा, निदान ३० सेंटीमीटर, म्हणजे दीड वीत. काटकसरीच्या भरात मी पहिल्या ११ फुलांच्या शेपट्या बोटभर ठेवल्या होत्या. उरलेल्या लोकरीचं काम, त्यात आणखी वाचवायची हौस! ती फुलं बायकोनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताटात मांडली. दोन-तीन बायकांनी हातात घेऊन पाहिली तशी एकेक उलगडत गेली. ताटात फुलांच्या जागी पट्ट्या राहिल्या. शेपटीनंच फूल शिवायचं असतं, तिनंच देठाला बांधायचं असतं. वेगळ्या धाग्यानं शिवलं तर गाठ दिसते आणि सुटतेही.

५. झेंडू (इथून सुरुवात करा)

नाशिकला मुघलांच्या काळी गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, म्हणत, त्यामुळे इथल्या माणसाला गुलाबापासूनच सुरुवात करायचा मोह होणार. तो आवरा. झेंडूत चुका लपतात. जितकी वीण गुरगुटलेली तितकं फूल खरं दिसतं.

केशरी लोकर, १० नंबरच्या सुया. सुरुवातीची शेपूट ४० सेंटीमीटर ठेवा.

- २० टाके घाला.
- १ली सुई: सगळे सुलट.
- २री सुई: प्रत्येक टाक्यात एकाचे दोन. ४० टाके होतील. मोजा.
- ३री सुई: सगळे सुलट.
- ४थी सुई: पुन्हा प्रत्येक टाक्यात एकाचे दोन. ८० टाके.
- ५वी सुई: सैल हातानं टाके बंद करा.

चौथ्या सुईला हाताला जड जाईल, टाके सुईवर दाटीनं बसतील. काही चुकलेलं नाही, तसंच असतं. पट्टी खाली आखूड आणि वर लांब झाल्यामुळे तिला आपोआप झालर पडते.

यातला सापळा पाचव्या सुईत आहे. टाके बंद करायला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त लोकर लागते. चौथी सुई संपली की थांबा आणि मोजा. चार हात उरली असेल तर पुढे जा. कमी असेल तर इथे रंग बदला. चौथ्या-पाचव्या सुईला पिवळा रंग घेतला तर कडेला पिवळी किनार येते, तसा झेंडू बाजारात असतोच. कुणाला कळतही नाही की तुमची केशरी लोकर संपली होती. नवा रंग नेहमी सुईच्या सुरुवातीला जोडा, मधे नाही.

आता गुंडाळायचं. टाके घातलेली कड खाली. सुरुवातीच्या लांब शेपटीच्या विरुद्ध टोकापासून गुंडाळत या, म्हणजे शेपूट शेवटी बाहेर येते. तळ एका पातळीत ठेवा. शेपूट शिवायच्या सुईत ओवून तळातून आरपार, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चार-पाच वेळा काढा, प्रत्येक वेळी दिशा बदलून. सगळे थर सुईत आले पाहिजेत. वरची शेपूट मधोमध खाली ओढून तळाशी लपवा. मग बोटांनी झालर विस्कटा.

दसऱ्याच्या तोरणाला हेच झेंडू वापरतो. मधे मधे हिरवी पानं. आंब्याची पानं दुसऱ्या दिवशी सुकतात, ही नाहीत.

६. गुलाब

गुलाबाला बसण्याआधी एक खरा गुलाब विकत आणा. सकाळी बाजारात फुलवाले बसतात, त्यांच्याकडचा चालेल. बाहेरच्या पाकळीपासून एकेक सोलत आत जा. मधली पाकळी किती घट्ट गुंडाळलेली असते आणि बाहेरच्या पाकळीची कड कशी पाठीमागे वळलेली असते ते बघा. आपल्याला नेमकं एवढंच करायचंय. मधे घट्ट, बाहेर सैल, कड बाहेर.

कड बाहेर वळण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. एक सुई सुलट, एक सुई उलट अशी वीण असली की तिची वरची-खालची कड सुलट बाजूकडे आपोआप वळते. स्वेटर विणणाऱ्या बायका हिच्यावर वैतागतात आणि ती दाबायला पट्टी विणतात. गुलाबात तीच कामाला येते.

- ६० टाके घाला. त्यासाठी आधी मीटरभर लोकर मोकळी सोडा, नाहीतर ५२व्या टाक्याला संपते आणि पहिल्यापासून घालावे लागतात.
- १ली सुई सुलट, २री उलट. असंच ६व्या सुईपर्यंत.
- ७वी सुई: सगळीकडे दोनाचा एक. ३० टाके.
- ८वी सुई: उलट.
- ९वी सुई: पुन्हा दोनाचा एक. १५ टाके.

टाके बंद करू नका. ४० सेंटीमीटर शेपूट ठेवून लोकर कापा, शिवायच्या सुईत ओवा आणि जवळच्या टाक्यापासून सुरू करून पंधराही टाक्यांतून ती पलीकडे काढा. मग विणायची सुई काढून घ्या. शेपूट आवळू नका, नुसती ओवलेली राहू द्या.

आता पट्टी धनुष्यासारखी दिसेल. टाके घातलेली लांब कड वर, ओवलेली आखूड कड खाली, सुलट बाजू बाहेर. सुरुवातीची शेपूट ज्या टोकाला आहे तिथून गुंडाळायला लागा. पहिले दोन वेढे खूप घट्ट, कळीसारखे. ती शेपूट कळीच्या मधून खाली उतरवा. पुढे हात सैल सोडत जा आणि प्रत्येक वेढ्याला तळ किंचित, दोन मिलिमीटर, खाली सरकवा. यामुळे मधली कळी वर उठून दिसते. हे पहिल्या तीन-चार फुलांत जमत नाही, नंतर बोटांना कळतं.

तळ झेंडूसारखाच आरपार शिवा. अजून शेपूट कापू नका, देठाला हवी आहे.

गुलाबात लोक एक चूक हमखास करतात. वर आलेली वळलेली कड 'नीट' करायला इस्त्री फिरवतात. खऱ्या लोकरीला वाफ चालते. ॲक्रेलिकला गरम इस्त्री टेकली की ते मरतं, लुळं पडतं, चकाकतं आणि पुन्हा कधीच वळत नाही. आमच्याकडे याला फुलाचं धिरडं म्हणतात.

मरून लोकरीचा गुलाब मला लालपेक्षा जास्त आवडतो. राखाडीचा करून पाहिला, शाळेच्या स्वेटरातून उगवल्यासारखा दिसला.

७. सदाफुली (अगदी लहान तुकड्यांसाठी)

पाच पाकळ्या, प्रत्येक वेगळ्या तुकड्याची असली तरी चालते. सगळ्या सुया सुलटच विणायच्या, उलट टाका येत नसेल तरी अडत नाही. एका पाकळीचं गणित असं:

- ३ टाके घाला. १ली सुई सुलट.
- २री सुई: पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात एकाचे दोन. ५ टाके.
- ३री सुई सुलट.
- ४थी सुई: पुन्हा पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात एकाचे दोन. ७ टाके.
- ५वी ते ९वी सुई सुलट.
- १०वी सुई: दोनाचा एक, तीन सुलट, दोनाचा एक. ५ टाके.
- ११वी सुई सुलट.
- १२वी सुई: दोनाचा एक, एक सुलट, दोनाचा एक. ३ टाके.

लोकर कापा, पाकळी सुईवरच मागे सरकवून ठेवा आणि त्याच सुईवर पुढच्या पाकळीचे ३ टाके घाला. अशा पाच करा. पाचव्या पाकळीची लोकर मात्र कापू नका. आता सुईवर १५ टाके आहेत. काम फिरवून सगळे एका ओळीत सुलट विणा, म्हणजे पाकळ्या एकमेकींना जोडल्या जातात. पुढच्या सुईला सात वेळा दोनाचा एक आणि शेवटचा एक सुलट. ८ टाके उरतील. शेपूट सोडून कापा, आठांतून ओवा आणि इथे मात्र करकचून आवळा. पहिली आणि पाचवी पाकळी शेजारीशेजारी येतील, त्या शिवून टाका.

एका ओळीत जोडण्याआधी पाकळ्या मोजा. मी एकदा गप्पांच्या नादात चारच केल्या. सासूबाईंनी फूल फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "छान आहे. कुठलं म्हणायचं हे?"

पांढऱ्या सदाफुलीला मधे गडद गुलाबी ठिपका द्या. दोन हातांच्या तुकड्यांचा उपयोग इथे. शिवायच्या सुईवर लोकरीचे तीन वेढे घेऊन ती मधोमध टोचा, गाठ बसते. पाचही पाकळ्यांच्या मिळून दहा शेपट्या निघतील. त्या पाठीमागच्या टाक्यांत, ज्या त्या रंगात, दोन-तीन सेंटीमीटर ओवून मग कापा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात पळवाट नाही.

८. पान आणि देठ

पान, हिरव्या लोकरीचं. ३ टाके घाला.

- १ली सुई: एक सुलट, जाळी, एक सुलट, जाळी, एक सुलट. ५ टाके.
- ३री सुई: दोन सुलट, जाळी, एक सुलट, जाळी, दोन सुलट. ७ टाके.
- ५वी सुई: तीन सुलट, जाळी, एक सुलट, जाळी, तीन सुलट. ९ टाके.
- ७वी, ९वी आणि ११वी सुई: दोन्ही कडांना दोनाचा एक, मधले सुलट. टाके ७, मग ५, मग ३.
- मधल्या २, ४, ६ अशा सगळ्या सम सुया उलट, १२वीसुद्धा.
- १३वी सुई: तिन्ही टाके एकत्र, लोकर कापून त्यातून ओढून घ्या.

जाळीच्या भोकांची रांग पानाच्या मधल्या शिरेसारखी दिसते. पान कडांना मुडपत असेल तर उलटं करून ओल्या फडक्याखाली रात्रभर दडपून ठेवा. पुन्हा सांगतो, इस्त्री नको.

देठासाठी मी आधी बांधकामावरची काळी तार वापरली होती. पावसाळ्यात ती गंजली आणि गंजाचे डाग हिरव्या लोकरीतून वर आले. तारच हवी असेल तर हार्डवेअरच्या दुकानात जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, मागा, १८ गेजची. पण मला खराट्याची काडी पटते. ती वाकते, गंजत नाही आणि तिचा एक शेंडा मुळातच निमुळता असतो. जाड बाजूचा २० सेंटीमीटरचा तुकडा घ्या, टोकाला फेविकॉलचा ठिपका लावा आणि हिरवी लोकर तिरकी, शेजारीशेजारी गुंडाळत न्या. तीन-साडेतीन हात लागते. निमुळतं टोक फुलाच्या तळातून वर खुपसा, फार नाही, बोटाच्या पेराएवढं. आता फुलाची राखून ठेवलेली शेपूट काडीभोवती सात-आठ वेळा आवळून गुंडाळा आणि तळातून दोनदा शिवा. त्या जागेवर पान लावलं की सांधा झाकतो. गुलाबाला दोन पानं, झेंडूला देठ देऊच नका. सदाफुलीला पाठीमागे सेफ्टी पिन शिवली तर ओढणीला लावता येते.

९. वाणासाठी करणार असाल तर

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यामुळे आजकाल बायका विचारतात, २५ गुलाब करता येतील का? येतात, पण हिशेब करा. हात बसल्यावर मला एका गुलाबाला देठ-पानासह सव्वा तास लागतो. पहिल्याला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. २५ गुलाबांची नुसती फुलं सुमारे १०० ग्रॅम होतात आणि उरलेल्या लोकरीत एका रंगाची १०० ग्रॅम कधीच निघत नाही. म्हणून सगळे एकाच रंगाचे कबूल करू नका. दिवाळीचा फराळ संपला की बसायला लागा. एकेक फूल पूर्ण करत बसण्यापेक्षा आधी सगळ्या पट्ट्या विणा, मग सगळ्या गुंडाळा, मग सगळे देठ. काम निम्म्यानं हलकं होतं आणि गुलाब एकसारखे येतात.

१०. धूळ, कसर, धुणं

उघड्यावर ठेवलेल्या फुलांवर दोन महिन्यांत धूळ बसते, रस्त्यालगत घर असेल तर त्याआधीच. ॲक्रेलिकची फुलं कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून बुडवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पालथी ठेवा. खऱ्या लोकरीची गार पाण्यातच, नाहीतर आटून गोळा होते. तिला कसरही लागते, म्हणून बंद डब्यात सुकलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. ॲक्रेलिकच्या वाट्याला कसर जात नाही.

धुण्याआधी काडी काढून घ्या. भिजली की ती काळी पडते आणि लोकरीला डाग देते. नवी घाला. एका खराट्यात दोनशे तरी निघतात.